चेकाळली की चेकाळवली

मंडळी, ऐका. आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही, ओवी घेतलेली नाही. एक शब्द घेतलाय. पोथीत शोधू नका, सापडणार नाही. तुमच्या-आमच्या ओसरीवरचा शब्द आहे — चेकाळणे.

हसताय? हसा. आज दुपारीच तुमच्यातल्या कुणीतरी तो कुणाला तरी लावला असेल. पाहुणे आले, मुलं पलंगावरून उड्या मारायला लागली — कार्टी चेकाळलीत. माहेरच्या बहिणी भेटल्या, सून जरा मोठ्यानं हसली — आज फारच चेकाळलीय. वासरानं दावं तोडलं — चेकाळलं. गड्यानं मालकाला एक उत्तर जास्त दिलं — चेकाळला लेकाचा!

अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. डोळ्यांत, कानांत, अंगात मावेल त्यापेक्षा जास्त भरलं, की जीव आपल्या ताब्यात राहत नाही. त्याला आपण म्हणतो चेकाळणं. बरोबर? आता मला एक सांगा — हा शब्द सासऱ्याला लावलेला कधी ऐकलात? निवडून आलेले साहेब गुलालात न्हाऊन, फेटा डोळ्यांवर घसरेपर्यंत नाचतात, तेव्हा काय म्हणता? "साहेब आज रंगात आलेत." बघा! साहेब रंगात येतात, गडी चेकाळतो. हा शब्द पाण्यासारखा वरून खाली वाहतो, मंडळी. खालून वर चढलेला मी तरी पाहिला नाही. आणि "मी चेकाळलो" असं म्हणणारा माणूस तर अजून जन्माला यायचाय.

मग माझा प्रश्न असा. एखादा जीव चेकाळला आणि त्याच्या हातून वाईट घडलं, तर पाप कुणाचं? त्याचं? की ज्यानं त्याला तिथवर नेलं त्याचं? घाईनं उत्तर देऊ नका. मी एकदा घाई केली होती. तीच गोष्ट सांगतो.

तापीच्या काठाला नांदरखेडे नावाचं गाव. तिथं वेणूबाई ठेलारी राहायची. ठेलारी म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारे लोक, घोड्यावर बिऱ्हाड लादून चालणारे. वेणूबाईचा नवरा गेला, मुली आपापल्या घरी गेल्या, आणि ही साठीची बाई गावाबाहेर पाल टाकून राहिली. सोबतीला मेंढरं आणि एक घोडी. घोडी पांढरी शुभ्र, पण नाव काजळी! कारण डोळ्यांभोवती काळी कड — जन्मल्यापासून कुणी काजळ घातल्यासारखी. तिची आई तिला पाच दिवसांची सोडून मेली. वेणूबाईनं तिला शेळीच्या दुधावर जगवली, फडक्याचा बोळा करून दूध पाजलं. घोडी मोठी झाली, देखणी झाली. ढोल वाजला की पुढचे पाय आळीपाळीनं उचलून ठेका धरायची. आसपासच्या गावांत नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, की काजळीला बोलावणं ठरलेलं.

पण वेणूबाईच्या अटी असायच्या. वाजप, म्हणजे वाजंत्री, घोडीच्या पुढं पन्नास पावलं. घोडीच्या अंगाला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि ती थांबा म्हणाली, की थांबायचं. मग नवरदेव कुणाचाही असो.

त्या वैशाखात लग्न होतं हिरालाल अण्णांच्या घरी. अण्णा म्हणजे गावातलं मोठं माणूस. त्यांच्या शब्दावर ग्रामपंचायत चालायची. त्यांचा धाकटा मुलगा नवरदेव. वेणूबाईनं अटी सांगितल्या, अण्णांनी मान डोलावली. लग्नाच्या गडबडीत माणूस कशालाही मान डोलावतो, नाही का?

मी त्या दिवशी गावात नव्हतो. पण जे झालं ते मी नंतर चार जणांकडून वेगवेगळ्या वेळी ऐकलं, आणि चौघांचं जुळलं. म्हणून सांगतो.

सकाळचे अकरा वाजलेले. ऊन असं, की डांबर पायाला चिकटत होतं. ढोलवाले सांगितले होते, पण आल्या दोन डीजेच्या गाड्या. अण्णांच्या पुतण्यानं, पंकजनं, परस्पर ठरवलेल्या. एक गाडी घोडीच्या पुढं, एक मागं. मधल्या वीस पावलांत घोडी, नवरदेव, शंभर नाचणारी माणसं आणि रंगीत धूर सोडणाऱ्या नळकांड्या. त्या आवाजानं घरांच्या पत्र्यांवरचे खडे उडत होते.

तुम्ही कधी घोड्याचे कान बघितलेत, मंडळी? ते सारखे फिरत असतात. मागं काय वाजलं, डावीकडं काय हललं — प्रत्येक आवाज घोडं कानानं चाचपून बघतं. धोका आहे का? नाही? मग चला. आता चारही बाजूंनी एकच आवाज! कान फिरवून करणार काय? काजळीनं दोन्ही कान मागं पाडले आणि शेपटी घट्ट आवळली. तिच्या डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं.

वेणूबाईनं ते ओळखलं. तिनं डीजेवाल्याला आवाज कमी करायला लावला. त्यानं केला. पंकजनं हात वर केला, आवाज पुन्हा चढला. तिनं नवरदेवाला खाली उतरायला सांगितलं. नवरदेवानं मित्रांकडं बघितलं आणि म्हणाला, कोपऱ्यापर्यंत जाऊ द्या ना, आजी. तेव्हा वेणूबाईनं लगाम धरला आणि रस्त्यात उभी राहिली. थांबा म्हणाली. कुणाला ऐकू जाणार? दोन तरण्याताठ्या मुलांनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. हसत हसत, बरं का. आदरानं. "आजी, सावलीत बसा."

पंकजला घोडी दोन पायांवर उभी हवी होती. मोबाईल काढून सगळे तयार. घोडी उभी राहीना. ती नुसती थरथरत होती, अंगावरची कातडी लाटेसारखी हलत होती. पंकजनं तिच्या मानेवर थापा मारल्या, शिट्ट्या मारल्या. मग त्यानं नवरदेवाच्या हातातली कट्यार घेतली. टोकाला लिंबू टोचलेलं असतं, ठाऊक आहे ना? ते लिंबू त्यानं काढून टाकलं. आणि कट्यारीचं टोक घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यात खुपसलं.

घोडी उभी राहिली. हवी होती तशी, दोन पायांवर. नवरदेव पाठीवरून खाली आला, खांद्याचं हाड मोडलं. घोडीनं मागं लाथ झाडली. मागं औक्षणाचं ताट घेऊन अण्णांची थोरली बहीण चालत होती, कौतिकआत्या. लाथ तिच्या गुडघ्याखाली बसली. ताट एकीकडं, आत्या एकीकडं. गर्दी फुटली आणि घोडी नदीकडं धावत सुटली.

वेणूबाई तिच्या मागं गेली. घोडी पोटापर्यंत पाण्यात उभी होती, तापीच्या गार पाण्यात, मान खाली घालून. वेणूबाईनं काठावरून एकदाच नाव घेतलं. घोडी पाण्यातून बाहेर आली आणि तिच्या खांद्यावर तोंड ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात गावात निकाल लागला होता. आवाज बंद झाल्यावर पहिलं वाक्य कुणी उच्चारलं ते कुणालाच आठवत नाही, पण दहा मिनिटांत सगळ्या गावाच्या तोंडात एकच — घोडी चेकाळली. अचानक चेकाळली. जनावरच ते, चेकाळलं.

घोडी कोंडवाड्यात गेली. पोलीसपाटील झुलालनं कागद तयार केला. त्यावर वेणूबाईचा अंगठा हवा होता. अंगठा झाला, की घोडी धोकादायक ठरणार आणि रविवारी बाजाराची गाडी येऊन तिला घेऊन जाणार. कुठं नेणार, ते कुणी बोलत नव्हतं. न बोलताच सगळ्यांना कळत होतं. वेणूबाईनं अंगठा द्यायला नकार दिला आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, कोंडवाड्यासमोर, बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गावात पोचलो. लग्नानंतर अण्णांनी कीर्तन ठेवलं होतं, पाच दिवसांचं. उतरलो अण्णांच्याच घरी. पन्हं घेता घेता अण्णांनी सगळी हकिगत सांगितली — त्यांना सोयीची तेवढी. म्हणाले, महाराज, तुमचं ऐकेल ती. जरा समजावा. अडून बसलीय.

आणि मी काय म्हणालो असेन? हा गळ्यात वीणा घालणारा, दया-क्षमेवर दोन-दोन तास बोलणारा? मी हसलो. कागद घेतला. ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढताना झुलालला म्हणालो, "म्हातारीच चेकाळलीय वाटतं."

ती ओट्यावर बसलेली होती. पुढं पाण्याचा तांब्या, डोक्यावर पदर. मला बघून उठली, पाया पडली, परत बसली. मी समजुतीचं बोलायला सुरुवात केली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला वाचता येत नाही महाराज, कागदात काय आहे ते तुम्ही वाचून दाखवा. काल झुलालनं भरभर वाचलं.

मी वाचलं. सकाळी अकरा वाजता मिरवणूक चालू असताना वेणूबाई ठेलारी यांची घोडी अचानक चेकाळली व तिने —

"थांबा," ती म्हणाली. "यातले दोन शब्द काढा. अचानक काढा. आणि दुसरा तो."

मी विचारलं, मग काय लिहायचं?

"चेकाळवली लिहा."

झुलाल हसला. म्हणाला, बाई, एका अक्षराचा तर फरक आहे, एका 'व'साठी गाव वेठीला धरलंय होय? मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

वेणूबाई म्हणाली, "मला अक्षर येत नाही. पण त्या एका अक्षरात एक माणूस बसलेला आहे. तुम्ही त्याला उठवून लावलंत. त्याला परत आणून बसवा, मी अंगठा देते."

मंडळी, मी व्याकरण शिकलोय. शाळेत शिकलो, गुरूंच्या घरी शिकलो. 'चेकाळली' म्हटलं की करणारी घोडी, भोगणारी घोडी, गुन्हेगार घोडी. 'चेकाळवली' म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो — कुणी? हे मला एका अंगठेबहाद्दर बाईनं ओट्यावर बसून शिकवलं.

आणि मग ती माझ्याकडं वळली. रागानं नाही. अगदी साध्या आवाजात.

"महाराज, पायऱ्या चढताना तुम्ही मला काय म्हणालात ते मी ऐकलं. मी शुद्धीवर आहे. कालपासून इथं बसलेय, कुणाला वाईट बोलले नाही, कुणावर हात उगारला नाही. शुद्धीवरच्या बाईला तुम्ही हा शब्द लावता, मग घोडीबद्दलचं तुमचं मी खरं कसं मानू?"

मी कागद झुलालच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसलो. फार मोठं काही केलं नाही. उठून अण्णांकडं परत जाता येईना, एवढंच.

झुलालनं शेवटचं सांगितलं. रविवारी गाडी येणार, अंगठा असो वा नसो.

"येऊ द्या," वेणूबाई म्हणाली. "घोडीच्या आधी मी चढते. माझाही कागद करा. त्यावर तेच लिहा, म्हातारी चेकाळली. खाली तुमची सही करा."

तिनं निरोप धाडून तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर बोलावले. ते शुक्रवारी आले. कोंडवाड्यात जाऊन त्यांनी घोडीच्या पुठ्ठ्यावरचे केस बाजूला केले. आत बोटभर खोल जखम, पू धरलेली. त्यांनी धुतली, औषध भरलं आणि धारदार टोकानं झालेली जखम, असं लिहून दिलं. झुलाल म्हणाला, काटेरी तार लागली असेल. शंभर माणसं तिथं नाचत होती, मंडळी. कुणी पाहिलं? कुणीच नाही. मोबाईल सगळ्यांच्या हातात होते, चित्रं कुणाकडंच नव्हती. एका दिवसात गावभरची चित्रं पुसली गेली. अण्णा गावात राहणार होते, आणि त्या शंभर जणांनाही तिथंच राहायचं होतं.

शनिवारी दुपारी दवाखान्यातून जीप आली. आत कौतिकआत्या, मांडीपर्यंत प्लास्टर. जीप अण्णांच्या घराकडं वळायची, ती आत्यानं ग्रामपंचायतीसमोर थांबवायला लावली. दार उघडायला सांगितलं. पाय सीटवर लांब ठेवून तिथूनच तिनं झुलालला हाक मारली आणि विचारलं, सगळ्यांचे जबाब घेतलेस, ज्या बाईचा पाय मोडला तिचा घ्यायचा राहिला का?

झुलाल गडबडला. तोवर अण्णा आले, पंकज आला, लोक जमले.

"लिही," आत्या म्हणाली. "मला लाथ घोडीची बसली. पण तिला कट्यार खुपसली आपल्या पंकजनं. मी दोन हातांवर होते. लिंबू काढताना बघितलं, खुपसताना बघितलं. मी ओरडले, त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही."

अण्णा जीपजवळ गेले. खाली वाकून म्हणाले, अक्का, घरातलं पोर आहे.

"घरातलं आहे म्हणून मला बोलायला लागतंय, हिरालाल. परक्याचं असतं, तर तूच सगळ्यांच्या आधी बोलला असतास."

पंकज अण्णांकडं बघत होता, की आता काका काहीतरी म्हणतील. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं नाही. झुलालला म्हणाले, अक्का सांगतेय तसं लिही. आणि घराकडं चालायला लागले.

नवा कागद झाला. त्यात 'अचानक' नव्हतं. घोडीस कट्यार टोचून व डीजेच्या आवाजाने चेकाळवले, असं होतं, आणि कुणी ते नावानिशी होतं. वेणूबाईनं तो माझ्याकडून वाचून घेतला, मग झुलालकडून वाचून घेतला — दोघांचं जुळतं का बघायला! मग अंगठा उठवला. अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि कोंडवाड्याचं फाटक स्वतः उघडलं.

पंकजला ठाण्यात जाऊन उत्तर द्यावं लागलं. अण्णांनी माझं कीर्तन बंद केलं नाही, पण उरलेले दिवस ते पुढं बसायला आले नाहीत. कौतिकआत्या मात्र खाट आणवून बसली.

तुम्हाला वाटेल, जिंकली म्हातारी, झालं गोड. नाही हो. काजळी परत नाचली नाही. लांब कुठं ताशा वाजला, तरी तिच्या अंगावर लाट उठायची. वेणूबाईनं लग्नाची बोलावणी घेणं सोडलं. घोडी बिऱ्हाड वाहते, मेंढरांच्या मागं चालते. लोक म्हणतात, तीन दिवस उन्हात बसून बाईला मिळालं काय? एक अक्षर! मी म्हणतो, हो, एक अक्षर. त्या अक्षरापायी घोडी आज चरतेय.

आता तुमच्याकडं वळतो. सावरून बसा.

उद्या तुमच्या गावात मिरवणूक आहे. डीजेच्या गाड्या वेशीजवळ उभ्या आहेत, येताना पाहिल्या. एकीवर दहा खोकी, एकीवर बारा. पुढं बसलेली मंडळी माझ्याकडं रागानं बघताहेत, दिसतंय मला. बघा. पुढच्या वर्षी बोलावू नका, माझं काही म्हणणं नाही. यंदा बोलावलंत, तर ऐकावं लागेल.

दीड वर्षाच्या लेकराच्या हातात मोबाईल कोण देतं? जेवताना चित्रं, झोपताना चित्रं, रडलं तर आणखी मोठ्यानं चित्रं. संध्याकाळी ते लेकरू किंचाळत जमिनीवर लोळलं, की त्याला धपाटा — चेकाळलंय मेलं! चौकात भाषण होतं. माईकवर एक जण दुसऱ्या गल्लीविषयी काहीबाही ओकतो आणि गाडीत बसून निघून जातो. मग दगड उडतात, दुकानं फुटतात. दुसऱ्या दिवशी आपण काय वाचतो? तरुणांचा जमाव चेकाळला. जमाव! त्या वाक्यात भाषणवाला आहे कुठं? तो घरी चहा पितोय, मंडळी. कारण एक अक्षर लिहायला कुणी बसून राहिलं नाही.

आणि मी? मी काय सुटलो? माझ्या हातात टाळ आहे, मागं मृदंग आहे. मला ठाऊक आहे, कुठं लय वाढवली की तुम्ही उठून नाचता, कुठं आवाज चढवला की रडता. तीस वर्षं तेच करतोय. तुम्ही त्याला भक्ती म्हणता, मी दक्षिणा घेऊन घरी जातो. भक्ती किती होती आणि मी किती चेकाळवलं, हा हिशेब मला अजून लागलेला नाही. वेणूबाईच्या शेजारी बसलो त्या दिवसापासून मला त्याची लाज वाटते, म्हणून तुमच्यासमोर बोलतोय.

तेव्हा आज शेवटी लय वाढणार नाही. मृदंगबुवा, मृदंग खाली ठेवा. टाळकऱ्यांनो, टाळ मिटा. देवाचं नाव ज्याला घ्यायचं त्यानं बसल्या जागी घ्यावं, आपल्या आवाजात, शेजाऱ्यालाही ऐकू जायला नको.

घेतलं? आता उठा आणि घरी जा. या महिन्यात ज्याला कुणाला हा शब्द लावलात, मूल असेल, सून असेल, गडी असेल, त्याच्यासमोर जाऊन बसा. विचारा, तुला कुणी काय केलं? आणि उत्तरात तुमचं नाव आलं, तर उठून जाऊ नका. बसून राहा.